आधी माशी, मग पातेलं : मुंबईच्या गॅलरीत रंगासाठी फुलं

एक ओढणी रंगवायला झेंडू किती लागतो, हा प्रश्न पहिली कुंडी विकत घेण्याच्या आधी विचारावा. मी तो तिसऱ्या वर्षी विचारला. साधी सुती ओढणी कोरडी असताना १०० ते १५० ग्रॅम भरते. तिच्यावर भरदार पिवळा हवा असेल तर तेवढ्याच वजनाची सुकी फुलं धरायची. ताजा झेंडू वाळला की दहा भागांतला जेमतेम एक-दीड भाग उरतो. म्हणजे १०० ग्रॅम सुक्या फुलांसाठी पाऊण ते एक किलो ताजी फुलं. कुंडीतलं फूल शेतातल्यापेक्षा लहान, पाच-सहा ग्रॅमचं, तेव्हा हिशोब दीडशे फुलांच्या आसपास जातो. नीट वाढलेलं एक झाड हंगामभरात २५-३० फुलं देतं. एका ओढणीला सहा कुंड्या. जागा मोजून घ्या आणि मगच पुढे वाचा.

नुसता रंगच करायचा असेल तर कुंड्यांच्या भानगडीत पडू नका. दादर स्टेशनबाहेरच्या फुलबाजारात पहाटे गेलात तर किलोने झेंडू मिळतो. दसरा उलटला की सोसायटीच्या प्रत्येक दारावरचं तोरण कचऱ्याच्या डब्यात जातं, तेही मागून घेता येतं. दोन्ही मार्ग आपल्या झाडांपेक्षा स्वस्त. गॅलरीत झाडं लावायची ती वेगळ्या कारणासाठी: आपल्या फुलावर आपल्या आधी कुणीतरी जेवून गेलेलं असतं. फुलाचा रंग झाडाने काही आपल्या ओढणीसाठी केलेला नाही. तो मधमाशीला लांबून दिसावा म्हणून आहे. तिचं काम संपल्यावर तोच रंग आपण उचलला तर दोघांचं भागतं, आणि ही सगळी बाग त्या एका क्रमावर उभी करायची आहे.

आधी ऊन मोजा

रंगाच्या बहुतेक फुलांना दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. मुंबईत गॅलरी कुठल्या दिशेला आहे यावर अख्खं वेळापत्रक ठरतं, आणि इथे एक गंमत आहे जी मला बरीच रोपं मेल्यावर कळली. मुंबईत शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो तो, मेच्या मध्याला येतो आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो. म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीत जूनमध्ये ढग नसले तरी थेट ऊन येत नाही. "दक्षिणेला भरपूर ऊन असतं" हे ऐकून जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपं लावली की ती उंच, फिकट, लुळी होतात. दक्षिणेच्या गॅलरीचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. तेव्हा सूर्य खाली उतरतो आणि ऊन अगदी खोलीतल्या पलंगापर्यंत येतं.

पूर्वेची गॅलरी सगळ्यांत सोपी. पश्चिमेला दुपारनंतरचं ऊन मिळतं, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात कुंडी तापते, तेव्हा दिवसातून दोनदा पाणी. वरळी, वर्सोव्याकडे समुद्रासमोर राहत असाल तर खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा जळतात. चार-पाच दिवसांनी झाडाला साध्या पाण्याने आंघोळ घाला. उत्तरेच्या गॅलरीत झेंडूचा हट्ट धरू नका. तिथे तुळस, कढीपत्ता ठेवा आणि रंगाची फुलं गच्चीवर न्या.

गच्चीसाठी सोसायटीची परवानगी लागते, आणि ती मागण्याआधी वॉटरप्रूफिंगचं काय झालंय ते विचारून घ्या. ओली माती जड असते. बारा इंची कुंडी पावसात भिजली की एकट्याने उचलवत नाही. कुंड्या मधोमध न ठेवता खांबाच्या किंवा तुळईच्या जवळ, विटांवर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल. गॅलरीत मात्र ग्रिलच्या आत. बाहेरच्या कठड्यावर ठेवलेली कुंडी वाऱ्याने पडली तर खालच्या माणसाचं डोकं फुटेल, आणि लाल मातीचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेलं तर तुमची बाग त्याच महिन्यात बंद पडेल.

काय लावायचं, काय नाही

झेंडू, कोकणात ज्याला गोंडा म्हणतात, तो पाया. पण बाजारातला गच्च चेंडूसारखा कलकत्ता झेंडू माशीच्या फारसा कामाचा नाही. झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर शेकडो बारक्या फुलांचा गुच्छ असतो. मधे नळीसारखी फुलं, ज्यांत मध आणि पराग, आणि कडेला पाकळ्या. पाकळ्याच पाकळ्या असलेल्या संकरित जातींत मधली नळीची फुलं जवळपास संपलेलीच असतात. माशी येते, फिरते, रिकामी जाते. म्हणून निम्म्या कुंड्या कलकत्त्याच्या ठेवा, कारण रंगाचं वजन त्यातूनच येतं, आणि निम्म्या मखमलीच्या. मखमल म्हणजे ठेंगणा, तांबूस-तपकिरी झालरीचा झेंडू. त्याचं एकेरी, मधलं बटण उघडं दिसणारं वाण मिळालं तर उत्तम. फुलपाखरं त्यावरच बसतात. मखमलीच्या तांबूस पाकळ्यांचा रंगही खोल, मधाच्या जवळ जाणारा येतो.

दुसरं, केशरी कॉसमॉस. हे माझं लाडकं, आणि याच्याबद्दल सर्वांत जास्त सावध करायचं आहे. तुरटी दिलेल्या कापडावर (रंग कापडात धरून राहावा म्हणून आधी तुरटी देतात) कॉसमॉस सरळ केशरी देतो, आणि रंगाच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला की केशरी लालसर होतो. माश्यांची त्यावर झुंबड असते. खत लागत नाही, उलट खत दिलं तर नुसता पाला वाढतो. एवढे गुण असलेलं झाड पसरतंही तसंच. पुण्याच्या टेकड्यांवर, घाटांच्या कडेला दसऱ्याच्या सुमारास जे केशरी गालिचे दिसतात आणि लोक ज्यांत उभे राहून फोटो काढतात, ते बहुतेक हेच मेक्सिकोकडचं झाड, आणि ते तिथल्या गवतांची, रानफुलांची जागा खातं. कुंडीत लावा, बी धरण्याआधी फुलं खुडा, आणि उरलेलं बी सहलीला जाताना डोंगरावर उधळण्याचं पुण्यकर्म कृपा करून करू नका.

तिसरं कोरिऑप्सिस, थंडीतलं. ऑक्टोबरच्या शेवटी पेरायचं, जानेवारी ते मार्च फुलतं. बारीक दांड्यावर पिवळी-तांबडी फुलं. वजनात कमी भरतात, पण रंग भरपूर, आणि सोड्याने हाही लालसर होतो. बी सगळीकडे मिळत नाही. राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा नर्सरीवाल्यांकडे चौकशी करून ठेवा.

प्राजक्त. गॅलरीत याला मनासारखं वाढवता येत नाही. मोठ्या ड्रममध्ये जगतो, पण सोसायटीच्या आवारात जागा मिळवून जमिनीत लावलेला बरा. आपल्या 'आधी माशी' नियमात हा एकटाच असा की त्याच्याशी भांडणच नाही. रात्री उमलतो, वासावर निशाचर पतंगांना बोलावतो आणि सकाळी स्वतःच खाली सांडतो. आपण सडा वेचायचा आणि देठ वेगळे करायचे. रंग सगळा त्या केशरी देठांत आहे. रेशमावर तो सुंदर पिवळा-केशरी बसतो. आईच्या घरी देठ वाळवून डब्यात ठेवत, तेव्हा मला वाटायचं देवाचंच काहीतरी आहे. देठ बारीक, तेव्हा एका रेशमी रुमालासाठीसुद्धा आठवडाभराची वेचणी लागते. तो रुमाल उन्हात ठेवू नका, रंग उतरतो.

करडई लावून पाहिली आहे. रब्बीचं, कोरड्या हवेचं पीक आहे ते. मुंबईच्या दमटपणात पानांवर ठिपके पडतात, मावा येतो आणि काटे बोटात जातात. तिचा रंग काढण्याची पद्धत मात्र एकदा करून पाहावी अशी: आधी गार पाण्यात पाकळ्या चोळचोळून पिवळा रंग काढून टाकायचा, मग सोड्याच्या गार पाण्यात लाल सोडवायचा, मग लिंबू पिळायचं की गुलाबी कापडावर चढतो. आग अजिबात लावायची नाही. चार झाडांत एक हातरुमालही होत नाही, हेही सांगून ठेवते.

गोकर्ण आणि जास्वंद रंगासाठी लावू नका. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं होतं, त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण कापडावर तो निळा दोन धुण्यांत आणि थोड्या उन्हात राखाडी होतो. खरा टिकणारा निळा हवा असेल तर तो निळीच्या पानांतून येतो, फुलांतून नाही, आणि तो वेगळा, मोठा विषय आहे. गोकर्ण मात्र वेल म्हणून ग्रिलवर जरूर सोडा. काळा भुंगा त्यावर येतो.

आवारात शेंदरीचं झाड असेल तर त्याच्या बिया गोळा करा, गुलाबी फुलं भुंग्यांना सोडा. पळस शहराच्या गॅलरीचा नव्हेच. तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फुलतो तिथेच बघावा, आणि तिथली फुलं तोडायची नाहीत.

याखेरीज रंग न देणारी तीन-चार झाडं ठेवा, कारण झेंडू-कॉसमॉस यांच्या बहरांच्या मधे माशीला रिकामा महिना जाता कामा नये. तुळस पहिली. मंजिऱ्या खुडायची आपल्याला सवय आहे, झाड जास्त टिकतं म्हणून. एक तुळस न खुडता सोडून द्या आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास तिच्याजवळ उभं राहा. सब्जाही तसाच. शेपू किंवा कोथिंबीर जून झाली तर उपटू नका, तिच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यावर बारक्या माश्या येतात. कढीपत्ता आणि लिंबू हे सुरवंटांसाठी. पानं खाल्लेली दिसली की चिडायचं नाही, कारण नीलवंत, आपल्या राज्याचं फुलपाखरू, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. गॅलरीत नीलवंत रोज येईल असं नाही. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची लिंबावरची फुलपाखरं मात्र हमखास येतात.

नागपंचमी ते दसरा

झेंडूला पेरल्यापासून पहिलं फूल यायला साधारण दोन महिने लागतात. श्रावण शुद्ध पंचमी ते आश्विन शुद्ध दशमी, मधे अधिक महिना नसेल तर, ६५ दिवसांच्या आसपास. म्हणजे नागपंचमीला पेरा, दसऱ्याला फुलं. इंग्रजी तारीख लक्षात ठेवायची गरज नाही.

पण नागपंचमी म्हणजे मुंबईत धो-धो पाऊस. बी कुंडीत थेट टाकलं तर दोन दिवसांत वाहून जातं, किंवा उगवून बुडाशी सडतं. म्हणून अंड्याच्या ट्रेमध्ये किंवा भोकं पाडलेल्या श्रीखंडाच्या डब्यात, घरात खिडकीशी पेरायचं. अर्धं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अर्धं गांडूळखत, ओलसर पण चिखल नाही. बी अर्धा सेंटिमीटर खोल. झेंडूचं बी म्हणजे काळी काडी आणि वर गवतासारखा तुरा, ते आडवं टाकलं तरी चालतं. चार ते सात दिवसांत उगवतं. उगवल्याबरोबर उजेडात आणा, नाहीतर एका दिवसात बोटभर उंच आणि केसासारखं बारीक होतं.

खरी पानं चार-पाच आली की कुंडीत. कलकत्त्याला दहा-बारा इंची, मखमलीला आठ इंची पुरते. माझं मिश्रण असं: दोन भाग लाल माती, दीड भाग कोकोपीट, दीड भाग शेणखत किंवा गांडूळखत, एका कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पावसात लाल माती दगडासारखी बसते, तेव्हा एक भाग जाड वाळूही घाला. कुंडीची भोकं तीन तरी हवीत, आणि कुंडी विटेवर. पाऊस खत धुऊन नेतो, म्हणून दर १५ दिवसांनी एक मूठ गांडूळखत वरून द्या. युरिया देऊ नका. झाड हिरवंगार होईल, कळी धरणार नाही.

शेंडा खुडावा का? रोप वीतभर झालं की शेंडा खुडला तर फांद्या फुटतात आणि फुलं दीडपट-दुप्पट येतात, पण पहिलं फूल आठ-दहा दिवसांनी लांबतं. मी निम्म्या झाडांचे शेंडे खुडते. न खुडलेली दसऱ्याला, खुडलेली दिवाळीला. रंगाच्या हिशोबाने खुडलेलीच जास्त देतात.

कॉसमॉस जुलैच्या शेवटी आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये पेरा. दाट पेरू नका, आणि काठीचा आधार द्या, वाऱ्याने मोडतो. फेब्रुवारीत सगळं पुन्हा एकदा पेरता येतं, पण एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पाणी घालताघालता जीव जातो. मी तेव्हा तुळस आणि गोकर्ण जगवते, बाकी कुंड्यांना सुट्टी.

कीड आणि पाहुणे

मावा, पिठ्या ढेकूण, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात लाल कोळी. तिन्हींवर पहिला उपाय म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून. दुसरा साबणाचं सौम्य पाणी. तिसरा निंबोळी तेल, लिटरला पाच मिलि, साबणाच्या दोन थेंबांबरोबर, आणि तेही सूर्य मावळल्यावर, फुलं टाळून. सकाळी फवारलंत तर जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तीच मरते. नर्सरीतून फुललेलं रोप आणलं तर त्यावर काय मारलंय ते विचारा. उत्तर मिळणार नाहीच, म्हणून पहिला सगळा बहर खुडून टाका.

गुलाबाच्या किंवा गोकर्णाच्या पानांना कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर औषध शोधू नका. ती पानकापी माशी. पानाचे तुकडे नेऊन पोकळ नळीत घरटं करते. तिला हवा म्हणून मी ग्रिलला पोकळ बांबूचे वीतभर तुकडे बांधले आहेत, एक टोक बंद. त्यातल्या दोनांत कोणीतरी राहायला आलं.

फुलोरी माशी, ती बारीक लालसर, गॅलरीतल्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करते. धक्का दिला नाही तर ती कुणाच्या वाटेला जात नाही. आमच्याकडे ग्रिलजवळच्या शोभेच्या झुडपावर एक होतं. मी गावाला गेले असताना सोसायटीने फवारणीवाला बोलावून ते जाळून टाकलं. परत आले तर कॉसमॉसवर सकाळी शांतता. तेव्हापासून बहराच्या आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवते, आणि फुलोरी कोणती, आग्या कोणती हे फोटोंसकट दाखवते. आग्या माशीचं, म्हणजे उंच इमारतीच्या छज्ज्याखाली लटकणारं मोठं पोळं, ही वेगळी गोष्ट. त्याला हात लावायचा नाही, फवारा मारायचा नाही, धूर करायचा नाही. जाणकार माणसालाच बोलवायचं.

पाण्याची उथळ ताटली ठेवा, त्यात खडे, म्हणजे माशीला बसता येतं. पाणी रोज बदला. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या ताटलीतच होतात, आणि कुंड्यांखालच्या बशांतही. पालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघरी येऊन याच बशा तपासतात.

फूल कधी खुडायचं

एकेरी मखमल, कॉसमॉस, कोरिऑप्सिस यांच्या मधल्या बटणाकडे नीट बघा. त्यातली बारकी फुलं एकदम उघडत नाहीत. बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन वर्तुळावर्तुळाने आत येतात, तीन-चार दिवस. परागाचं पिवळं कडं सरकत मध्यापर्यंत पोचलं की माशीचं जेवण संपलं. पाकळ्या तेव्हा किंचित मलूल होऊ लागलेल्या असतात, पण रंग आहे तसाच असतो. हीच आपली वेळ. त्यानंतर थांबलात तर झाड बी धरायला लागतं आणि नवी कळी येईनाशी होते. म्हणजे या वेळी खुडल्याने माशीचं काही जात नाही, झाड फुलत राहतं, आणि आपल्याला रंग मिळतो.

गच्च कलकत्त्याला हा हिशोब लागू नाही. तो पूर्ण फुलला की काढा. दुपारी, दव आणि पावसाचं पाणी वाळल्यावर. ओलं फूल डब्यात गेलं की बुरशी.

वाळवणाची खरी परीक्षा पावसाळ्यात. ऑगस्टमध्ये मुंबईत पापड वाळत नाही, झेंडू काय वाळणार. तेव्हा पाकळ्या सोलून घ्या, हिरवी वाटी टाकून द्या, आणि पाकळ्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधली फुलं ताज्या फुलांच्या वजनाने धरायची, सुक्याच्या नव्हे. ऑक्टोबर लागला की सुपात पसरून पंख्याखाली, सावलीत. तीन-चार दिवसांत पाकळी बोटांत चुरचुरते, मग काचेच्या बरणीत. कुठली फुलं, कुठला महिना, हे बरणीवर लिहा. मी लिहिलं नव्हतं, आणि एकदा कॉसमॉस समजून मखमल शिजवली.

कापड आणि पातेलं

रंगाची भांडी वेगळी, ती परत स्वयंपाकात नाहीत. स्टीलचं मोठं पातेलं सर्वांत बरं. लोखंडी कढई नको, लोखंडाने पिवळा शेवाळी होतो. जर्मनचं पातेलंही रंगात थोडी ढवळाढवळ करतं. पाणी नळाचं घ्या. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार असतात आणि बऱ्याचदा लोहही असतं, त्याने पिवळा मळकट होतो.

सुरुवातीला नवा, कोरा मांजरपाट घ्या, १०० ग्रॅम. सगळी मापं त्यावर देते.

पहिल्यांदा खळ काढायची. तीन-चार लिटर पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून कापड तासभर मंद उकळा. पाणी चहासारखं होतं. ते बघितल्यावर ही पायरी कोणी वगळत नाही. वगळली तर रंग डाग-डाग बसतो.

मग हिरडा. सुती कापड तुरटी नीट धरत नाही, त्याला आधी तुरट द्रव्याचा आधार लागतो. आपल्याकडच्या रंगाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हिरडाच वापरला. २० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवा, कापड त्यात रात्रभर बुडवून ठेवा, मधून मधून हलवा. सकाळी पिळून सावलीत वाळवा, खळखळून धुऊ नका. कापड फिकट पिवळट होईल, झेंडूखाली ते चालतं.

मग तुरटी. १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. दोन ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून थेंब-थेंब घाला. फसफसतं, म्हणून पातेलं अर्धंच भरलेलं हवं. फेस बसला की कापड बुडेल इतकं कोमट पाणी घाला आणि कापड सहा-आठ तास ठेवा. नंतर एकदा हलकं विसळा. पूड हाताळताना तोंडावर रुमाल बांधा आणि खिडकी उघडी ठेवा. रेशमाला हिरडा लागत नाही, नुसती तुरटी पुरते, आणि रेशीम कधीही उकळायचं नाही.

त्या दरम्यान १०० ग्रॅम सुकी फुलं रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी मंद आचेवर पाऊण तास. खळखळा उकळलं तर रंग तपकिरीकडे झुकतो. पाणी वाफाळत राहावं, बुडबुडे फुटू नयेत, एवढीच आच. जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळून घ्या. ओलं कापड त्या पाण्यात सोडा, पुन्हा तशाच आचेवर पाऊण तास, लाकडी काठीने हलवत. कापड पाण्याच्या वर आलं की तिथे पट्टा पडतो. गॅस बंद करून रात्रभर त्याच पाण्यात गार होऊ द्या. शेवटचा, खोल पिवळा या रात्रीत चढतो.

कॉसमॉसला केशरी-लाल हवा असेल तर सोड्याची चिमूट रंगाच्या पाण्यात, कापड सुती असेल तरच, आणि शेवटच्या पाच मिनिटांतच. जास्त वेळ नाही.

शेवाळी हिरवा हवा तर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. किराणा दुकानात मिळत नाही, पूजेच्या आणि आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात विचारा. वेगळ्या बादलीत दोन ग्रॅम हिराकस पाण्यात विरघळवा, रंगवलेलं ओलं कापड दोन मिनिटं बुडवा, बाहेर काढून बघा. हिरड्यामुळे रंग झपाट्याने काळवंडतो, म्हणून बघत बघत. पाच मिनिटांपुढे जाऊ नका आणि दोन ग्रॅमचे चार करू नका, जास्त लोहाने कापड विरतं. हिराकस मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, आणि तुरटी किंवा हिराकसाचं पाणी कुंड्यांत ओतू नका, भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा.

कापड सावलीत वाळवून आठवडाभर तसंच घडी करून ठेवा. मग रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणात धुवा. पहिल्या धुण्यात थोडा रंग जातो, घाबरू नका. पुढेही वेगळं धुवायचं आणि उलट्या बाजूने सावलीत वाळवायचं.

पातेल्यातलं उरलेलं रंगाचं पाणी फेकू नका. दुसऱ्या कापडाला, त्याच तयारीने, फिकट लोणी-पिवळा मिळतो, आणि मला तर कित्येकदा पहिल्यापेक्षा तोच आवडतो. गाळून उरलेला पाकळ्यांचा चोथा, त्यात ना तुरटी गेलेली ना हिराकस, म्हणून तो सुकवून खताच्या डब्यात घाला. नोव्हेंबरात पेरलेल्या कॉसमॉसला मात्र त्यातलं काही देऊ नका. त्याला उपाशीच ठेवायचं.